तांबीची शेपटी

चिमे, मी वचन मोडलं. आधी हेच सांगून टाकते, कारण मनात एक ठेवून तोंडानं गोड बोलायची मला सवय नाही, आणि ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तांबीवर आळ आणणार नाही, असं तुझ्या हातात हात देऊन म्हटलं होतं. तुझ्या तेराव्याला, अंगणात एवढी माणसं बसलेली असताना, तुझ्या नवऱ्याच्या ओंजळीत संकल्पाचं पाणी असताना, मी तो आळ आणला. आता तांबी इथं अमरावतीला माझ्या दारात बांधली आहे, मधूनमधून खोकते आहे, आणि मी ओट्यावर बसून तुला हे लिहिते आहे. तुला जाऊन महिना झाला.

रागावली असशील तर रागाव. आजवर तुझ्या रागाला मी भीक घातली नाही, पण तो असायचा तेव्हा घर भरल्यासारखं वाटायचं.

आई गेली तेव्हा तू दीड वर्षाची होतीस आणि मी तेरा वर्षांची, कपाळ पांढरं करून माहेरी परत आलेली. लोक माझ्याकडं पाहून उसासे टाकत. मला ते ऐकायला सवड कुठं होती? तू कडेवर होतीस, आणि तुला सारखी भूक लागायची. आबांचे डोळे त्याच वर्षी अधू झाले. वैद्यकी तर चालली पाहिजे, म्हणून त्यांनी मला अक्षरं शिकवली. मी पोथी वाचायची, ते ऐकायचे. बायका दाखवायला आल्या की नाडीवर हात माझा आणि निदान आबांचं. 'काय लागतंय हाताला ते सांग, तुला काय वाटतं ते सांगू नकोस,' असं म्हणायचे. तू कोपऱ्यात खल घेऊन बसायचीस. कुटायला दिलेलं ज्येष्ठमध निम्मं तुझ्याच पोटात जायचं, आणि विचारलं की जीभ पिवळी दाखवून म्हणायचीस, 'मी नाई खाल्लं, खलानं खाल्लं.'

दर्यापूरला मामाकडं निघालो होतो तो दिवस आठवतो? पूर्णेला गुडघाभरच पाणी होतं. गाडी हलकी करायला आम्ही उतरलो आणि तू काठावर बसूनच राहिलीस. 'आक्का, पाणी चालून राहिलं!' एवढंच म्हणत होतीस. मी दोन धपाटे घातले, तरी उठेनास. शेवटी माझा पदर तुझ्या मुठीत दिला आणि सांगितलं, पाण्याकडं बघू नको, पदराकडं बघ. पलीकडं पोचल्यावरही तू तो सोडला नाहीस. मामाच्या दारापर्यंत मी तशीच ओढत आले तुला.

मग तू लग्न होऊन अकोल्याला गेलीस. दौलतराव माणूस चांगला, घर कापसाचं, आणि ती वर्षं तर कापसानं सगळ्यांची डोकी फिरवलेली. समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, आणि आमच्या काळ्या मातीला एकदम भाव आला. ज्यानं त्यानं कापूस पेरला. ज्वारी मागं पडली, गायरानं नांगरली गेली, आणि गुरांना पाय मोकळे करायला जागा उरली नाही. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची अशी रांग की अमरावतीहून अकोल्याला यायला मला तीन मुक्काम लागायचे. दुसरा मुक्काम मूर्तिजापूरचा. तिथं पोचले की मला राहवायचं नाही. गाडीवानाला शिव्या द्यायच्या तेवढ्या बाकी असायच्या.

आणि येऊन राहायची किती? तीन दिवस. चौथ्या दिवशी गाडी जुंपायची. माहेरच्या माणसानं लेकीच्या घरी रेंगाळलं तर लोक नावं ठेवतात, त्यात मी विधवा, त्यात आबांच्या माघारी बायका माझ्याच दारात येऊन बसलेल्या. तू चौकटीला टेकून म्हणायचीस, 'आली काय आन् चालली काय. तुह्यापेक्षा कापसाची गाडी बरी, भरेपावतर थांबते तरी.' मी हसून विषय टाळायची. काय घाई होती मला एवढी? दारात बसलेल्या बायका काय पळून जात होत्या?

चार वर्षं झाली तरी तुझी कूस उजवेना. तुझा निरोप आला की अंग वाळत चाललंय, सासूबाई काही बोलत नाहीत पण बघतात. मी पोथी काढली. पोथीत धारोष्ण दुधाला अमृत म्हटलंय, कासेतून निघालेलं, कोमट, फेसासकट. आबाही तेच द्यायचे. मग मी स्वतः बाजारात जाऊन गाय निवडली. चार गाया पाहिल्या, दात पाहिले, कास पाहिली, आणि ही तांबूस, शांत डोळ्यांची घेऊन तुझ्याकडं धाडली. जरा हडकुळी होती. विकणारा म्हणाला, 'माय, चारा कुठी हाय आजकाल? सरकी खाऊ घाल, मंग पाह्य.' मला पटलं. कोणाला पटलं नसतं? त्या वर्षी सगळीच गुरं हडकुळी होती.

तुझ्याकडं सरकीला तोटा नव्हता. घरच्याच रेच्यावर कापूस वटून सरकी वेगळी काढली की तिचे ढीग पडायचे, आणि तांबी दिवसभर तेच खायची. दूध असं दाट झालं की बोटावर थेंब ठरायचा. घरातले सगळे ते तापवून घ्यायचे. तू एकटी रोज सकाळी गोठ्यात उकिडवी बसून, लोट्यात धार पडली की तशीच तोंडाला लावायचीस. ओठावर पांढरी मिशी उमटायची आणि तू ती न पुसताच सासऱ्यांच्या समोरून जायचीस, वेडे. माझं ऐकायचं म्हणून सुरू केलंस. पुढं तांबीचा लळा लागला. ती तुझा हात चाटायची. तू तिच्या गळ्याला मिठी मारून बसायचीस, तिचा श्वास तुझ्या तोंडावर.

ती खोकायची. ऐकलं होतं मी. पण तुझ्या घरी गोठ्याच्या अर्ध्या भागात कापूस रचलेला होता, हवेत सारखा त्याचा पिंजलेला धुरळा. तुझे सासरे खोकायचे, रेचा ओढणारे गडी खोकायचे, मी आले की दुसऱ्या दिवशी मीही खोकायची. कापसाच्या दिवसांत कोण खोकत नव्हतं? गाय खोकली तर तिच्याकडं वळून कोण पाहणार?

तांबी तुझ्याकडं येऊन दीड वर्ष झालं आणि दौलतरावांनी गाडी पाठवली. तुझी पाळी तीन महिने चुकली होती, अन्नावर वासना नव्हती, पोट किंचित वर आलं होतं. मी आले, तुझी नाडी पाहिली, पोटावर हात ठेवला, आणि सासूबाईंना म्हटलं, 'साखर वाटा.' त्यांनी मला, पांढऱ्या कपाळाच्या बाईला, मिठीच मारली. चोरओटी भरली त्या दिवशी मी नियमाप्रमाणं आतल्या खोलीत बसले होते. दाराच्या फटीतून तुझ्या पदरातला नारळ दिसत होता. तू माझ्याकडं पाहून डोळा मारलास, सगळ्या सवाष्णींच्या मधोमध बसून. असली होतीस तू!

आणि मी राहिले. या वेळी कोणी नावं ठेवणार नव्हतं. बहिणीचं पहिलं बाळंतपण, वैद्याची लेक, ती राहायलाच हवी. साडेचार महिने राहिले, चिमे. त्या दिवसांची आठवण आली की आजही हातातलं काम सुटतं. सकाळी तुझे केस विंचरायचे, दुपारी ओसरीत चटई टाकून दोघींनी पडायचं, आबांच्या नकला करायच्या. तू म्हणायचीस, 'काय लागते हाताले ते सांग!' आणि माझ्या नाकाला चिमटा काढायचीस. भांडलोही रोज. अंबाडीच्या भाजीत लसूण आधी की नंतर यावरून तू एक अख्खी दुपार माझ्याशी बोलली नाहीस, आणि दिवे लागायच्या आधी स्वतःच ताट घेऊन आलीस. भाजीत लसूण नंतर घातला होता. चव बरी होती. हे तेव्हा मी कबूल केलं नाही, आता करते.

तुझे हात मात्र वाळत गेले. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. दिवस कलला की अंग कोमट व्हायचं, पहाटे केस घामानं चिकटलेले असायचे. कधी दोन दिवस पोट साफ नाही, कधी दिवसाला सहादा जावं लागायचं. मी म्हणायची, पहिलटकरणीचं असंच असतं, आणि सकाळच्या लोट्याचे दोन लोटे केले. सातवा लागला तरी आत काही हललं नाही. सासूबाईंनी देव पाण्यात घातले. दौलतराव मात्र न विचारता गावातल्या म्हाताऱ्या हकीमसाहेबांना घेऊन आले.

मधे चादर धरली. एका बाजूला तू आणि मी, दुसऱ्या बाजूला हकीम, दाराकडं तोंड करून बसलेले. त्यांनी विचारलं, 'हात कोणाचा?' मी म्हटलं, 'माझा. वैद्याची मुलगी आहे.' ते म्हणाले, 'मंग बरं झालं. बाई, सरळ निजवा. बेंबीच्या बाजूनं हलक्या हातानं दाबा. सख्त लागते का नरम?'

'दोन्ही नाही,' मी म्हटलं. 'मळून ठेवलेल्या कणकेसारखं लागतंय.'

त्यांनी कुशीवर वळवायला सांगितलं, बोटानं ठोकायला सांगितलं. वरच्या अंगाला पोकळ वाजत होतं, खालच्या अंगाला बद्द. दुसऱ्या कुशीवर वळवलं तर बद्द आवाज तिकडं गेला, म्हणजे आत पाणी होतं. मानेच्या बाजूला हरभऱ्याएवढ्या गाठी लागल्या. ताप कधी, घाम कधी, वजन केव्हापासून उतरलं, सगळं एकेक करून त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं, आबा काढून घ्यायचे तसंच. मग म्हणाले, 'बाई, हे मूल नाही. हा पेटातला दिक हाय. तुमच्यात क्षय म्हंतात.'

मी भडकले. 'क्षय? तिला एक दिवस खोकला नाही! खोकल्याशिवाय क्षय कुठला?'

'छातीत बसला तर खोकला. आतड्यात बसला तर खोकला कुठून येईन?' त्यांचा आवाज चढला नाही. 'घरात कोणाले आहे हा रोग? कोणी खोकून खोकून वाळून राहिलं?'

'कोणी नाही,' मी म्हटलं. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून तो आवाज आला, कोरडा, ओढून काढलेला, तीनदा.

'हे कोण?'

'कोणी नाही. गाय आहे.'

मी हे किती सहज म्हटलं! तू चादरीच्या अलीकडून माझ्याकडं पाहत होतीस. हकीम उठून सरळ गोठ्यात गेले. मी पदर सावरत मागं. त्यांनी तांबीला उठवलं, बरगड्यांवरून हात फिरवला, गळ्याखाली चाचपलं, तिच्या कुशीला कान लावून बराच वेळ उभे राहिले. मग विचारलं, 'हिचं दूध कोण पिते?'

'सगळे.'

'तापवून?'

'तापवून.'

'आन् न तापवता?'

'एकटी चिमा. मीच सांगितलं होतं तिला.'

त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, 'कसम खाऊन नाही सांगत, बाई. कोण्या किताबात मी हे वाचलेलं नाही. पण दर्यापूरकडं एका घरी अशीच गाय पाहिली होती, आन् तिचं कच्चं दूध पिणाऱ्या दोन लेकरांची असेच पोटं. तापवून पिणाऱ्यायले काही झालं नव्हतं. तेव्हापासून मी हे ध्यानात ठेवून राहिलो. गाईले जे हाय, तेच तुमच्या बहिणीले हाय. याउपर दूध उकळल्याबिगर कोणाच्या तोंडी जाऊ देऊ नोका.'

त्यांना मी काय काय बोलले ते तुला ऐकू आलंच असेल. गाईवर आळ घेता, पोथीपेक्षा शहाणे झालात, पांढऱ्या दाढीला शोभत नाही. ते ऐकून घेत राहिले. जाताना फक्त म्हणाले, 'तुमचा हात चांगला आहे, बाई.' तो हात मी त्यानंतर किती वेळा धुतला असेल.

त्या दुपारी तुझ्यापुढं उकळलेलं दूध ठेवलं आणि तू पेला बाजूला सारलास. 'सायीचा वास येते.' मी ओरडले, तू ओरडलीस. 'आता पिऊन काय आन् न पिऊन काय,' असं म्हणालीस, आणि मी एक चापट मारली तुला. आजारी माणसाला! तेवढ्यानं तुझं समाधान झाल्यासारखं तू हसलीस. मग पेला उचलून, नाक दाबून, सगळा प्यायलीस. 'झालं? आता इथी बस.'

मी बसले. तेव्हा तू ते बोललीस. शब्द न् शब्द लिहून ठेवते, कारण पुढं माझं डोकं कधी दगा देईल, सांगता येत नाही.

'मले ठाऊक होतं, आक्का. पोटात काई हालत नाई, हे कधीचं ठाऊक होतं.'

'मग बोलली का नाहीस?'

'बोलली असती तं तू दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली असती.'

मला रडू कोसळलं. तूच माझा हात घेतलास. 'आता एक आयक. हकीम जे बोलले ते तू आन् मी, बस. घरच्यायले सांगशीन तं तांबीले खाटकाले देतीन. आन् तुह्या दारात एक बाई येणार नाई. म्हंतीन, सख्ख्या बहिणीले हिनंच गाय धाडून मारलं. बोल, तांबीवर आळ आणशीन?' मी म्हटलं, 'नाही.' 'असं नाई. हात देऊन बोल.' दिला हात. तू तेवढ्यावर थांबली नाहीस. दुसऱ्या दिवशी दौलतरावांना बोलावून सांगितलंस की माझ्या माघारी गोदान करायचं ते तांबीचंच. वैतरणी मोठी असते म्हणतात, मला पाण्याचं भ्या वाटतं, मी तांबीची शेपटी धरली तरच पार होईन. मला वाचवायचं, गाईला वाचवायचं आणि स्वतःची नदीही पार करायची, सगळं तू निजल्या निजल्या जमवून टाकलंस. मी तुला आयुष्यभर अर्धवट म्हणत आले.

पुढच्या दोन महिन्यांविषयी नाही लिहीत. तू त्यात होतीस, मीही होते.

तेराव्याच्या सकाळी तांबीला न्हाऊ घातलं, शिंगांना हळद लावली, गळ्यात नवी घंटा. मी आतल्या खोलीत होते, त्याच फटीशी. भटजी तिच्या कासेकडं पाहून खुशीत म्हणाले, 'बरं झालं, आमच्या पोरींच्या तोंडाला दूध लागेल.' तीन लेकी आहेत त्यांना, चिमे. धाकटी त्यांच्या मांडीवरच बसलेली होती, घंटेला हात लावायला धडपडत. भटजी तिला म्हणाले, 'उद्यापासून धारेखाली बसायचं बरं का, फेसासकट प्यायचं.' माझेच शब्द. पोथीतले, आबांचे, माझे.

दौलतरावांच्या ओंजळीत पळीनं पाणी पडलं. मी दार उघडून बाहेर आले. 'थांबा. ही गाय देऊ नका.'

मग सगळं सांगितलं. गाय मी निवडली, दूध मी सांगितलं, पोट मी चुकीचं वाचलं, आणि हकीम काय बोलले ते. मी एकदाच बोलले आणि स्पष्ट बोलले. कोणी तरी 'अरे देवा' म्हटलं. दौलतरावांच्या बोटांतून पाणी गळून गेलं. ते तसेच उठून गोठ्यामागं गेले आणि बराच वेळ आले नाहीत. भटजींनी धाकटीला मांडीवरून उचलून मागं घेतलं. तुझ्या सासूबाई माझ्यापाशी आल्या. वाटलं, मारतील. त्यांनी हात जोडले. 'आक्काबाई, माही सून पाण्याले भेते वो. तिले पार तं होऊ द्या. तिच्या हातची शेपटी नोका काढू.'

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत दुसरी गाय आणली, पांढरी, गावातलीच, धडधाकट. दान झालं. विधीत उणं राहिलं नाही, असं भटजी म्हणाले. पण मी तुला ओळखते. पाण्याला तू जेवढी भ्यायचीस त्याहून अनोळखी जनावराला जास्त. तू ती शेपटी धरलीस की नाही, हे मला कोण सांगणार?

तांबीचं काय करायचं, यावर तिथं जो तो बोलू लागला. मी दावं सोडून हातात घेतलं आणि निघाले. दौलतरावांनी गाडी देऊ केली, ती फक्त बोचक्यापुरती घेतली. तांबीला दमानं चालवावं लागतं, म्हणून तीनाचे सहा मुक्काम झाले. कापसाच्या गाड्या मागून येऊन पुढं जात होत्या. मूर्तिजापूरला पाण्यावर थांबलो तेव्हा ती माझा हात चाटायला लागली. मी झटकला. मग पुन्हा दिला.

गावात बातमी माझ्या आधीच पोचली होती. तू म्हणालीस तसंच झालं. दारात कोणी येत नाही. काल एक लेकुरवाळी आली, लांब उभी राहिली आणि एवढंच विचारून गेली, 'आक्का, दूध किती वेळ उकळू?' मी सांगितलं, फुगून वर येऊ दे, खाली बसू दे, असं तीनदा. हकीमांनी एवढं सांगितलं नव्हतं. एवढं माझं मीच सांगते. तांबीची धार मी रोज काढते, नाहीतर तिला ठणका लागतो. ते दूध उकळते, आणि उकळूनही कोणाला देत नाही, परसात खड्ड्यात ओतते. घरभर सायीचा वास भरून राहतो. तुला नको असलेला वास. आता मला तो नसला तर करमत नाही.

एक राहिलं. त्याचसाठी कागद घेऊन बसले होते, आणि एवढी वळणं घेत आले.

तू मला सांगून गेलीस की तुला आधीच ठाऊक होतं. मी तेव्हा रडले आणि तुला वाटलं, त्याचंच रडू आहे. चिमे, मलाही ठाऊक होतं. पाचव्या महिन्यात तेल लावताना माझा हात तुझ्या पोटावर थांबला होता. मूल असलं म्हणजे हाताला जे लागतं ते तिथं नव्हतं. काय लागतंय ते सांग, तुला काय वाटतं ते सांगू नकोस, हे आबांनी वीस वर्षं शिकवलं होतं मला. मी हात उचलला, तेलाची वाटी झाकली आणि तुला म्हटलं, 'छान वाढतंय.' कारण मूल नाही म्हटलं असतं तर माझं तिथं काम उरलं नसतं. ओसरीतली चटई गुंडाळावी लागली असती. अजून चार दिवस, अजून आठ दिवस, असं करत मी तुला रोज सकाळी दोन लोटे पाजत राहिले. हकीमांनी चादरीआडून विचारलं तेव्हा 'कणकेसारखं' हा शब्द मला शोधावा लागला नाही. तो दोन महिने माझ्या तोंडातच होता.

हे अंगणात सांगितलं नाही. हे फक्त तुला.

तू पार झाली असशील तर बरंच आहे. पण त्या पांढऱ्या गाईला भिऊन अजून काठावर बसलेली असलीस, आणि हे ऐकूनही माझा पदर धरावासा वाटला, तर थांब. पाण्याकडं बघू नको. मी येईनच, फक्त लगेच नाही. तांबी आहे तोवर मला निघता येत नाही.